पालथा पेला

संशोधनासाठी मी सोनगीरला एका स्वमग्न बाईची मुलाखत घेत होतो. थांबायचं असलं की तिनं पेला पालथा घालायचा, असं आमचं ठरलं होतं. लहानपणी खोड मोडावी म्हणून घरच्यांनी तिला तापल्या विळ्यानं डागलं होतं. मी ते विचारलं आणि तिनं पेला पालथा घातला. मी पाहिलं, तरी पुढचा प्रश्न विचारलाच. ती भिंतीवर डोकं आपटू लागली, रक्त आलं. मी तिचे हात घट्ट धरले.

"भाऊ, सोडा तिले!" तिची आई ओरडली. "डागतांना बी असंच धरेल व्हतं!"

ती माझ्या मनगटाला कडकडून चावली.

धुळ्याच्या दवाखान्यात मी कुत्रं चावल्याचं सांगितलं. त्यांनी दिलेली इंजेक्शनंही मुकाट घेतली. पालथा पेला मला दिसला होता, हे मात्र आजवर कुणाला सांगितलं नाही.