पुन्हाबाईंचं पत्र

ऑफिसात पाठीमागे त्यांना सगळे पुन्हाबाई म्हणत. अणुभट्ट्यांचे कागद तपासण्यात एकोणतीस वर्षं गेली होती, आणि फाईल कुठलीही असो, त्यांचा पहिला शब्द ठरलेला असे : "पुन्हा." घरी नवरा म्हणायचा, "गॅस बंद आहे का बघायला ही तीनदा जिना चढून येते. एकदाही चालू सापडलेला नाही."

"सापडायची वाट बघू का?" बाई विचारायच्या.

सध्याची फाईल लहान भट्टीची होती. कारखान्यात बनवायची, ट्रेलरवरून न्यायची आणि एकाच आराखड्यावर देशोदेशी उभी करायची. तेच कागद प्रत्येकानं वेगळे तपासत बसू नये म्हणून तीन देशांच्या तपासणी कार्यालयांनी काम वाटून घेतलं होतं. बाईंना ही कल्पना मनापासून पटली होती. त्यासाठी त्या साहेबांच्या वर्षभर मागे लागल्या होत्या.

सोमवारी त्या एका ओळीवर अडल्या. नियंत्रण कक्षात एकच माणूस चार भट्ट्या सांभाळणार होता. दोन भट्ट्या एकदम बिघडल्या तर त्याला झेपेल का? खरा माणूस बसवून चाचणी घेतली होती का? रकान्यात लिहिलं होतं, 'सहकारी देशाने तपासले.'

त्यांनी दुसऱ्या देशातल्या परीक्षकाला फोन केला. तो म्हणाला, तिसऱ्यांनी तपासलं. तिसऱ्यांचं उत्तर बुधवारी आलं : आम्ही तुमच्याच पत्रावर विसंबलो, प्रत सोबत आहे.

बाईंनी प्रत उघडली. पत्र दोन वर्षांपूर्वीचं, खाली त्यांचीच सही. 'चाचणीचा अहवाल आल्यावर मत देऊ, तूर्त हरकत नाही.' अहवाल आलाच नव्हता. 'तूर्त' वाटेत कुठेतरी गळून पडलं होतं आणि नुसती 'हरकत नाही' दोन देश फिरून घरी आली होती.

त्या तशाच साहेबांकडे गेल्या. "साहेब, ही चाचणी कोणीच घेतलेली नाही."

"बाई, तीन देशांनी मान्य केलंय."

"तिघांनी एकमेकांचं मान्य केलंय."

"शुक्रवारी मंजुरीच्या सह्या आहेत. दोन्ही देशांचे पाहुणे निघालेसुद्धा. त्यांना काय सांगू, आमच्या बाईंना शंका आली?"

"चाचणी घ्यायची राहिली, असं सांगा."

"त्यात सहा महिने जातील. मग एकत्र येऊन मिळवलं काय?"

हे मात्र बाईंना झोंबलं. त्या प्रत उचलून बाहेर पडल्या.

घरी सासूबाईंनी तोंड बघूनच विचारलं, "आज कोणाशी वाजलं?"

"माझ्याशीच."

"मग गप्प जेव. ते माणूस काही कोणाचं ऐकायचं नाही."

नवरा हसला. बाई हसल्या नाहीत. त्या पानावरून अर्धवट उठल्या.

गुरुवारी सकाळी त्यांनी दोन ओळींचं पत्र लिहिलं : माझं पूर्वीचं मत मी मागे घेते, सदर चाचणी कोणत्याही देशाने तपासलेली नाही. आपल्या सहीचं पत्र मागे घ्यायला साहेबांची परवानगी लागत नव्हती. ते त्यांनी दोन्ही देशांना पाठवलं आणि मग साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

सह्या पुढे ढकलल्या गेल्या. साहेबांनी आवाज चढवला नाही. त्यांनी फक्त बाईंचं नाव तीन देशांच्या संयुक्त समितीतून काढलं आणि "तुम्हाला विश्रांतीची गरज आहे" म्हणून सांगितलं. जिन्यात एक सहकारी पुटपुटली, "झालं समाधान?"

दुपारी दुसऱ्या देशातल्या परीक्षकाचा फोन आला. माणूस सज्जन, पार ओशाळला होता.

"खरं सांगू का बाई? तो प्रश्न मलाही पडला होता. पण पत्रावर तुमची सही दिसली. म्हटलं, या बाई आहेत म्हणजे दोनदा तपासलंच असणार."

बाईंनी डोळे मिटले. एकोणतीस वर्षांत असला अपमान कोणी केला नव्हता, आणि तोही कौतुकानं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "आता भट्टी बनवणाऱ्या कंपनीकडे चाचणी कोण मागणार?"



"तुम्हीच मागाल ना?"

"मला समितीतून काढलंय. पत्र तुम्ही लिहा."

"लिहितो की. उद्या-परवा..."

"आत्ता लिहा," बाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "मी फोनवर आहे. लिहून झालं की वाचून दाखवा."