अर्ध्या विहिरीसाठी वकील

माझी मावशी, गुणाबाई गायकवाड, सरकारी नर्स होती आणि जन्माची संशयी होती. दूधवाल्याच्या देखत ती दुधात बोट बुडवून नखावर थेंब धरायची. कंडक्टरनं तिकीट दिलं की आधी ते वाचायची, मग बसायची. मी नांदेडकडच्या खेड्यातून कॉलेजसाठी लातूरला तिच्या खोलीवर राहायला आले, तर पहिल्याच आठवड्यात तिनं माझी पिशवी तपासली. मला राग आला. "राग येऊ दे," ती म्हणाली, "पण पिशवी दाव."

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. कचेऱ्या आल्या, साहेब आले, त्यांच्यामागून भाडी वाढली. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती, तरी वकिलांच्या पाट्या मात्र भूछत्रांसारख्या उगवत होत्या.

मावशीचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. हिमायतनगरकडून बदली होऊन आल्यापासून तिनं तीन खोल्या बदलल्या होत्या. गायकवाड हे आडनाव मराठ्यांतही असतं आणि आम्हा बौद्धांतही. ज्याला जे वाटायचं ते तो धरून चालायचा. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागला की घरमालकाच्या मुलाचं लग्न अचानक ठरायचं आणि त्याला खोली रिकामी हवी असायची. तिसऱ्या मालकाच्या मुलाचं लग्न तर आधीच झालेलं होतं. तरी त्यानं खोली सोडायला उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली. त्या रात्री मावशी जेवली नाही. सकाळी उठून म्हणाली, "आता भाड्याचं घर बस्स. सोताचं घ्यायचं."

घर सापडलं ते केरबाचं. केरबा डाळमिलमधून निवृत्त झाला होता आणि मुलाकडे नांदेडला निघाला होता. दोन खोल्या, पुढं थोडं अंगण आणि मागं विहीर. विहीर केरबाची आणि त्याचा धाकटा भाऊ लिंबाजी याची, अर्धी-अर्धी. लिंबाजीचं घर भिंतीला भिंत लागूनच होतं. अख्खी गल्ली घागरी घेऊन टँकरची वाट बघत असताना या विहिरीच्या तळाला अजून पाणी होतं. मावशीनं खोल्या नीट बघितल्यासुद्धा नाहीत. विहिरीच्या काठावर वाकून ती किती तरी वेळ उभी होती.

"विहीर तुमचीच समजा, बाई," केरबा म्हणाला.

"समजा कशाला? हाय का न्हाई?" मावशीनं विचारलं. केरबा नुसता हसला. तिथंच तिला वकिलाची गरज वाटली.

आता शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण घर घेणाऱ्याला वकिलाची तरी चढावीच लागते. पहिला वकील भुजंग, मावशीच्या यजमानांचा चुलतभाऊ. सगळे म्हणत होते, आपला माणूस आहे, त्याच्याकडेच जा. भुजंग म्हणाला, "वहिनी, तुमचं काम म्हंजे घरचं काम." बाहेर पडताच मावशी मला म्हणाली, "घरचं काम कवाच व्हत न्हाई. अन् बिघडलं तर भांडायचं कुणाशी?" भुजंग तिथंच संपला.

दुसरा सिद्रामप्पा वकील. गंजगोलाईजवळच्या गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत बसणारा म्हातारा. निजामाच्या काळातले उर्दू कागद वाचता येतात म्हणून नावाजलेला आणि तोंडाळ म्हणून त्याहून जास्त. मावशीनं घर सांगितलं, विहीर सांगितली. त्यानं चष्मा वर केला.

"जात कोणती?"

मी मावशीकडे पाहिलं. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. "का? वकिली जात बघून करताव का?" एवढं बोलून ती उठली. म्हातारा पाठीमागून "अहो बाई, बसा, ऐका" म्हणत होता. गल्ली संपेपर्यंत मावशी झपाझप चालत होती. मीही त्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की कॉलेजात शिकलेलं सगळं मराठी कामी आलं.

तिसरे साहेबराव वकील. नव्या कलेक्टर कचेरीसमोर ऑफिस, टेबलावर काच, पंखा नवा. गेल्या गेल्या थंड पाणी आलं आणि त्याच पेल्यातून त्यांनीही घेतलं. बोलणं मधासारखं. "ताई, तुम्ही निर्धास्त राहा. विहिरीचं काय, वहिवाट आहेच. खरेदीखतात घराचं लिहिलं की बास." एकदाही त्यांनी कोण, कुठले, कोणत्यातले असं काही विचारलं नाही.

आणि आमची मावशी, जी दुधातला थेंब नखावर धरायची, ती विरघळली. घरी येताना म्हणाली, "माणूस सुधारलेला हाय." तिच्या तोंडून कुणाबद्दल असं चांगलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मला गोगलगाय नि पोटात पाय ही म्हण आठवली होती, पण तिचा आनंद बघून मी गप्प बसले.

खरेदीचा दिवस ठरला. पण स्वभावाला औषध नसतं. आधी पाणी चाखून बघते, मचूळ निघालं तर भाव पाडून मागते, असं म्हणत मावशी मला घेऊन विहिरीवर गेली. केरबा बाहेर गेला होता. तिनं स्वतः रहाटावरून पोहरा सोडला, पाणी शेंदलं, ओंजळीनं प्यायली. पाणी गोड होतं. तेवढ्यात लिंबाजीची बायको पार्वतीबाई मागच्या दारात आली. चांगली हसून बोलली. नोकरी कुठं, पगार वेळेवर होतो का, सगळं विचारलं. मग म्हणाली, "गायकवाड म्हंजे कुठले? आमच्या म्हायेरात बी हायत गायकवाड, म्हणून म्हणलं."

"आम्ही बौद्ध," मावशीनं सांगितलं. ती कधीच लपवायची नाही. विचारल्याशिवाय सांगायची नाही, एवढंच.

"असं का," पार्वतीबाई म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर विहिरीवर ना रहाट होता, ना दोर. "दुरुस्तीला टाकलाय," पार्वतीबाई आतूनच म्हणाली. कधी येईल विचारलं, तर आतून कडी लावल्याचा आवाज आला. केरबा खाली बघत राहिला. आदल्या दिवशी तोच रहाट लोण्यासारखा फिरत होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मावशी तशीच साहेबरावांकडे गेली. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "ताई, आधी खरेदी होऊन जाऊ द्या. मग समजुतीनं घेऊ. हळूहळू सवय होते लोकांना."

"साहेब, तुमाला हे असं व्हईल म्हणून ठाऊक होतं का?"

"अंदाज होता थोडा. पण असं तोंडावर कसं विचारायचं? वाईट दिसतं."

पुढं आलेल्या पाण्याला मावशीनं हात लावला नाही. ऑफिसमधून निघाली ती थेट गंजगोलाईकडे. ऊन मी म्हणत होतं. मी रिक्षा करू म्हटलं, तर ऐकलंच नाही.

सिद्रामप्पा जिन्याखाली तसाच बसला होता. "आलात का? रहाट काढला ना?"

"तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? या गल्ल्यांत माझे केस पांढरे झालेत. बाई, कायदा जात विचारत नाही, शेजारी विचारतो. म्हणून मी आधीच विचारलं. विहिरीत हिस्सा घेणार कोण, हे मला कळल्याशिवाय खरेदीखत कसं लिहू? त्यांच्यावर केस घालता येईल. कायदा तुमच्या बाजूनं आहे. पण निकाल लागेपर्यंत प्याल काय?" त्यानं बोटांवर मोजत सांगितलं. केरबाचा विहिरीतला अर्धा हिस्सा, रहाट आणि विहिरीपर्यंतची वाट, सगळं खतात लिहायचं. साक्षीदार म्हणून सही लिंबाजीची. रहाट परत बसेपर्यंत आणि लिंबाजीची सही होईपर्यंत केरबाला पैसा द्यायचा नाही. "मग भावाशी भांडायचं काम केरबा करील. तुम्ही कशाला भांडता?"

मला वाटलं, झालं, आता मावशी घराचे कागद काढील. तिनं पिशवीत हात घातला आणि तो तसाच ठेवला.

"वकीलसाहेब, तुमच्या घरी विहीर हाय का?"

"आहे."

"उद्या मी तिच्यावर पाणी शेंदलं तर?"

म्हाताऱ्यानं चष्मा काढला, उपरण्यानं पुसला. साहेबरावांनी याचं उत्तर चुटकीसरशी दिलं असतं. यानं चष्मा सावकाश पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "रहाट काढणार नाही. मी असेपर्यंत तर नाहीच. पण तुम्ही गेल्यावर घरातली बाई दोर धुवील. मी तिला आजवर बोललो नाही. खोटं कशाला सांगू?"

मी मनात म्हटलं, आता मावशी उठणार. मीच उठायच्या बेतात होते, इतका संताप आला होता.

मावशीनं कागद काढून त्याच्यापुढं ठेवले. "लिवा," ती म्हणाली. "एक तरी माणूस खरं बोलला."

केरबा आणि लिंबाजी यांचं भांडण गल्लीनं बरेच दिवस ऐकलं. पैसा अडल्यावर केरबाला अचानक न्याय-अन्याय सगळं कळू लागलं. शेवटी रहाट बसला. लिंबाजीनं रजिस्ट्री कचेरीत तोंड कडू करून सही केली. आम्ही राहायला गेलो. मावशीनं पहिला पोहरा भर दुपारी, पार्वतीबाईचं मागचं दार उघडं असताना काढला. त्या दिवसांत मी तिला घरात एकटीच गाणं गुणगुणताना ऐकलं.

पण पावसानं तिसऱ्या वर्षीही दगा दिला. पुढच्या वैशाखात पोहरा खाली जाऊन नुसता दगडावर आपटला. दोन्ही घरांची विहीर एकाच दिवशी आटली. गल्लीच्या तोंडाशी टँकर आला तेव्हा पार्वतीबाई घागर घेऊन आमच्या दारावरून जाताना थांबली.

"इतका वकील-बिकील केलाव, बाई. मिळालं काय? कोरडी विहीर."

मावशी उंबऱ्यात घागर घासत होती. "कोरडी का असंना," ती म्हणाली, "अर्धी माझी हाय."

मग तिनं घागर कमरेवर घेतली आणि भराभर चालत जाऊन टँकरच्या रांगेत पार्वतीबाईच्या पुढं उभी राहिली.