उलट्या काठावर गेलेले बूट

नात नर्मदेच्या परिक्रमेला पायी निघाली, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने विरोध केला. मी डबे भरायला घेतले. माझी विरोधाची पद्धत तीच.

पहिलं पार्सल तिला मध्य प्रदेशातल्या एका आश्रमात मिळालं. आमच्याकडचा ओलसर लीलो चिवडा, भाकरवडी, मेथीची ठेपली, डिंकाचे लाडू, लिंबाचं लोणचं, आणि जागा उरली म्हणून सहा हातरुमाल. संध्याकाळी फोन आला.

"आजी, मी पाठीवर घर घेऊन चालतेय आणि तू दुकान पाठवलंस!"

परिक्रमेत साठवून ठेवायचं नसतं, म्हणून तिने सगळं तिथेच वाटून टाकलं होतं. एका साधुबाबांनी म्हणे लोणच्याला आशीर्वाद दिला. मी दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी शेजारणीला मीच तो आशीर्वाद रंगवून सांगत होते.

चालण्याचं वेड तिला माझ्याकडून आलेलं नाही, हे आधीच कबूल करते. सासरचं घराणं बडोदा संस्थानच्या फौजेतलं, पण सून अशी मिळाली की न्यायमंदिरापासून हाकेवरच्या मांडवीपर्यंत जायलाही रिक्षा लागायची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही सहलीला नर्मदाकाठच्या चांदोदला गेलो. मी उंच टाचांच्या चपला घालून घाटावर! नाव जरा हलली की किंचाळायची. तिथे काठीझोळीवाल्या दोन परिक्रमावासी बायका दिसल्या, तर मी यांना मोठ्याने म्हणाले, "घरी सासू छळत असेल, म्हणून निघाल्या असतील." त्यातली एक मराठी निघाली. हसून म्हणाली, "सासू मीच आहे गं." एवढी फजिती होऊनही अक्कल आली नाही ती नाहीच.

महिनाभर चालल्यावर नातीचा निरोप आला: बुटांचे तळ फाटले, गावातल्या चपला घालून टाच सोलवटली, घरातला दुसरा जोड पाठव, मी परवा चांदोदजवळ पोचते. तिचे तळवे सपाट आहेत. हाडांच्या डॉक्टरांनी मापाने करून दिलेलेच बूट तिला चालतात.

मी एका फोनमध्ये काम केलं. चांदोदला आमचे पिढ्यान्‌पिढ्यांचे गुरुजी आहेत. "पाठवा काकू, मी ठेवतो," म्हणाले. मुलाच्या ऑफिसातले एक गृहस्थ रोज चांदोदजवळच्या डभोईहून येतात, त्यांच्या हाती पार्सल त्याच संध्याकाळी गेलं. मला माझाच इतका अभिमान वाटला की मी दुपारी झोपलेसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी नातीचा फोन. "आजी, मला चांदोदचा घाट दिसतोय. नीट पाहिलं तर माझे बूटही दिसतील."

"मग जाऊन घे ना. नावेत दहा मिनिटं."

"मी समोरच्या काठावर आहे, आजी. नदी उजव्या हाताला ठेवून चालायचं असतं. मध्येच ओलांडली की परिक्रमा मोडली."

आम्हा बडोदेकरांची नर्मदा म्हणजे चांदोद. श्राद्ध तिथे, अस्थी तिथे, सहल तिथे. पलीकडचा काठ म्हणजे बसून बघायचा देखावा. तिथे कोणी चालत असेल आणि त्याला बूट लागतील, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

मुलाने फोन घेतला. "पुलावरून ये आणि घेऊन जा. कोण बघतंय?"

"मीच बघतेय ना, बाबा." मग आवाज बारीक झाला. "इथले डॉक्टर म्हणाले, या चपलांवर आता एक मैलसुद्धा नको. उद्या संध्याकाळपर्यंत बुटांची काही सोय होते का बघते. नाहीतर तुम्ही गाडी घेऊन या. परिक्रमा सोडून परत येते."

खरं तर गुरुजींनीच कोणाबरोबर तरी बूट पलीकडे पाठवले असते. पण चूक माझी होती, आणि मला ती पोर बघायची होती. सकाळी सुनेला "देवाला जाऊन येते" म्हटलं आणि डभोईची बस पकडली. कुठल्या देवाला, हे तिने विचारलं नाही.

गुरुजींनी पार्सल दिलं. वर एक टोमणाही. "काकू, पन्नास वर्षं येताय, कधी समोर बघितलं नाहीत होय?"

नाववाल्याने हात धरून आत घेतलं. "बा, बीक लागे छे?"

"बहु लागे छे. तू चलाव."

भीती पूर्वीइतकीच वाटली. फक्त आता किंचाळायला दम पुरत नाही.

ती आश्रमाच्या पायरीवर पाय पसरून बसली होती. काळवंडलेली, वाळलेली, टाचेला फडकं. मला बघून आधी तोंड उघडंच राहिलं.

"मी फक्त बूट मागवले होते."

"त्यांच्यावर मी फुकट मिळाले."

ती हसता हसता रडायला लागली. मीही. मग आश्रमातली एक बाई गरम पाण्याचं भगोणं घेऊन आली. आल्यापासून हीच बाई तिची टाच कडुलिंबाच्या पाण्याने धूत होती, रात्री स्वतःची खाट देऊन आपण खाली निजली होती. महिनाभर मी समजत होते की पोरीला माझे लाडू चालवताहेत. तिला चालवत होत्या अशा अनोळखी बायका, गावागावातल्या. मी हात जोडले, तर ती संकोचली.

"आभार शेनो, बा? चाले तो ए छे. अमे तो घेर बेठां पुण्य कमाईए." चालायचं हिने आणि पुण्य घरबसल्या त्यांना, म्हणे.

नातीने बूट घातले. अंगणात दोन फेऱ्या मारल्या, पहिली लंगडत, दुसरी जरा कमी लंगडत. बाई गुडघे टेकून टाचेपाशी बोट घालून बघत होती. "दोन दिवस हजी आराम," तिने हुकूम सोडला, "पछी जा."

"मग जाते," नात म्हणाली. माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाली, "जाते, आजी."

तेवढ्यात मुलाचा फोन. सुनेने नेहमीच्या देवळात चौकशी केली होती, मग काय! मी कुठे आहे ते ऐकून आणि ओरडून झाल्यावर त्याने विचारलं, "गाडी काढू का? तयार आहे का ती?"

"काढ," मी म्हटलं. "पण चांदोदला ये, मला न्यायला. ती येत नाही."