इंजिनाची ठकठक

माझ्या लग्नाच्या सकाळी अर्धापुरात कडाक्याची थंडी होती. औशाला निघालेला वऱ्हाडाचा जुना ट्रक सुरूच होईना, नुसता पांढरा धूर सोडत होता. शेजारी केळी भरायला थांबलेला एक म्हातारा ड्रायव्हर आला आणि त्याने स्टिअरिंगखालची दांडी ओढली.

"थंड इंजनात डिझेल पेटायला वेळ लावतंय, पोरी. म्हणून त्याला जरा आधीच आत सोडायचं."

इंजिन सुरू झालं, पण ठकठक वाजू लागलं. त्या तालावर मामी नाचू लागल्या, मग शालू खोचून मीही. म्हातारा डोळे मिटून, कान देऊन उभा होता. इंजिन तापल्यावर त्याने दांडी आत ढकलली आणि ठकठक थांबली.

आम्ही हिरमुसलो. आमच्याकडे बघत त्याने दांडी हळूच पुन्हा ओढली.

"एकच डाव. मग निघा, नवरदेव वाट पाहून राहिला."