समोरचा थांबेल, असं वाटलं

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. पांढुर्ण्याच्या चौकातला तो अपघात मात्र अजून जसाच्या तसा आठवतो. नाव कोणाचंच घेणार नाही. माणसं इथलीच आहेत, आजही बाजारात भेटतात.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आदल्या संध्याकाळी वादळ होऊन विजेचे खांब पडले होते आणि सकाळी चौकातले सिग्नल बंद होते. तिकडे दोन शिपाई पाठवायची तयारी चालली होती, तेवढ्यात फोन आला. कारची मोटारसायकलला धडक, कारवाला पळाला.

जखमी सावरगावचा दूधवाला होता. पायाचं हाड मोडलेलं, डोक्याला मार, शुद्ध नव्हती. त्याची बायको दवाखान्याच्या दारात त्याची एक चप्पल हातात घेऊन उभी होती. दुसरी चौकातच राहिली होती.

"साहेब, गाडीवाला सापडन ना?" तिने विचारलं.

"सापडेल," मी म्हणालो. अशा वेळी दुसरं काही म्हणता येत नाही.

घटनास्थळाचा पंचनामा केला. कारच्या दिव्याच्या काचा मिळाल्या. साक्षीदारांचं म्हणाल तर एकाने कार पांढरी सांगितली, दुसऱ्याने राखाडी. नंबर कोणीच पाहिला नव्हता. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. कार आधी थांबली होती. त्यातून एक बाई उतरली, तिने ऑटोवाल्याला हाक मारून जखमीला ऑटोत घातलं. मग गर्दी वाढली, लोक काचेवर थापा मारू लागले, आणि कार निघून गेली. ज्याला पळायचंच असतं तो आधी जखमीला उचलत बसत नाही. ही गोष्ट माझ्या मनात राहिली.

दुपारी ठाण्याच्या फोनवर कोणीतरी दबक्या आवाजात बोललं. "तिगावात एका घरी कारवर ताडपत्री टाकून ठेवली आहे. घरात सकायपासून चूल नाही पेटली." एवढं सांगून फोन बंद.

शिपायांना घेऊन तिगावला गेलो. ताडपत्री काढली तर पुढचा डावा दिवा फुटलेला. घरातून सत्तरीचे एक गृहस्थ बाहेर आले. उंच, काटक, डोळ्यांवर काळा चष्मा. रेल्वेतून निवृत्त झालेले. मागे दारात त्यांची सून उभी होती.

"जय भीम, साहेब," ते म्हणाले. "गाडी मीच चालवत होतो. चला."

सून काही बोलायला पुढे झाली. त्यांनी तिच्याकडे न पाहताच हात वर केला आणि ती थांबली.

ठाण्यात त्यांना चहा दिला आणि विचारपूस सुरू केली. माझा अनुभव असा की गुन्हा करणारा माणूस घडलेलं थोडं कमी करून सांगतो. हे गृहस्थ सगळं वाढवून सांगत होते. वेग जास्त होता, लक्ष नव्हतं, चूक पूर्ण माझी, लिहून घ्या.

"मोटारसायकल कोणत्या बाजूनं आली, काका?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "समोरून."

मोटारसायकल डावीकडून आली होती. मी त्यांना चष्मा काढायला सांगितलं. एक डोळा लालभडक होता आणि गालावर चिकटपट्टीचा चौकोनी ठसा होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं होतं. पट्टी त्यांनी स्वतःच ओढून काढली होती.

मी वाद घातला नाही. त्यांना आवारात नेलं; तिगावहून दोराने ओढून आणलेली कार तिथे उभी होती. "बसा, काका. कसे बसले होते तेवढं दाखवा."

ते बसायला गेले. सीट इतकी पुढे ओढलेली होती की त्यांचे गुडघे स्टिअरिंगला अडले. पाय आत घेता येईनात. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मग तसेच अर्धे आत, अर्धे बाहेर बसून राहिले.

"साहेब," ते खाली मान घालून म्हणाले, "पोरीले सोडा. तिचं मास्तरणीच्या नोकरीत नाव लागलं आहे. गुन्हा लागला तर संपलं सगळं. मले काय होते? मी किती दिवसाचा?"

मी गाडीच्या दाराशी उभा होतो. ते आपणहूनच बोलत राहिले.

"पोरगा गेला तवा लोक म्हणत, सून आता माहेरी जाईन. नाही गेली. आईबाप बोलवत होते तरी नाही गेली. माह्यासाठीच गाडी शिकली, मले दवाखान्यात न्यायले. आज पट्टी काढायले चाललो होतो. आमच्या रेल्वेत सिग्नल विझला दिसला, का लाल समजून गाडी उभी करतात. मी तिच्या बाजूलेच बसून होतो, साहेब. पण एका डोळ्याले पट्टी, दुसऱ्यानं धड दिसत नाही. दिसलं असतं तर म्हटलं असतं ना, थांब बेटा म्हणून."

एवढ्यात फाटकातून त्यांची सून आत आली. बसने आली होती. सासऱ्यांना तसं बसलेलं पाहून तिचं तोंड उतरलं, पण बोलताना आवाज स्थिर होता.

"मामाजी, उतरा आता," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "गाडी मी चालवत होती. लोक मारतील म्हणून भ्याली अन् निघाली. घरी जाऊन परत येणार होती, मामाजीनं येऊ नाही दिलं. ते दूधवाले भाऊ कसे आहेत?"

"अजून शुद्धीवर नाहीत."

ती जमिनीवरच बसली.

तिचा जबाब घेण्याआधी मी त्या गृहस्थांना शिपायासोबत डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. जायला तयार नव्हते. "मी सांगते सगळं, तुम्ही डोळा दाखवून या," असं सुनेने म्हटलं तेव्हा गेले. जबाबात तिने काहीच लपवलं नाही. सिग्नल बंद दिसला. दूधवालाही दिसला. समोरचा थांबेल असं वाटलं.

निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा गुन्हा दाखल करावाच लागला. जामीन ठाण्यातच झाला.

दूधवाला शुद्धीवर आल्यावर मी त्याचा जबाब घ्यायला गेलो. बायको उशाशी होती. त्याने हळूहळू सांगितलं, "दिवे बंद होते. कार येऊन राहिली हे मले दिसलं. वाटलं, थांबन ते. मीही नाही थांबलो, साहेब."

बायको चिडली. "तुमचा पाय मोडला अन् तुम्ही तिच्याकडून बोलून राहिले?"

"तिच्याकडून नाही. जे झालं ते सांगून राहिलो."

त्याला हे सांगायची काहीच गरज नव्हती. त्या जबाबाने त्याचीच बाजू कमकुवत होत होती. मी शब्दन् शब्द तसाच लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती सून दवाखान्यात आली, सासऱ्यांचा हात धरून. दूधवाल्याच्या बायकोने आधी तोंड फिरवलं. मग डोळ्याला पट्टी बांधलेल्या त्या गृहस्थांना स्टूल चाचपताना पाहून तीच उठली, स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाली, "बसा, बाबा." कोणी माफी मागितली, कोणी दिली, मला ठाऊक नाही. मी बाहेर निघून आलो.

कोर्टात तिने गुन्हा कबूल केला आणि दंडावर सुटली. नोकरीचे कागद बरेच महिने अडकले, पण शेवटी शाळेत रुजू झाली. दूधवाला आता थोडा लंगडतो. दूध घालायला मात्र पुन्हा जातो.

खोटं पकडलं की पोलिसाला बरं वाटतं. त्या दिवशी आवारात मला तसं वाटलं नाही. हे गृहस्थ खोटं बोलले ते प्रेमापोटी, आणि दूधवाला खरं बोलला तेही स्वतःचं नुकसान करून. माणसाला नुसतं खरा किंवा खोटा ठरवून भागत नाही, हे मी नोकरीच्या शेवटी शिकलो.

रस्त्यापुरतं सांगायचं तर, बंद सिग्नल म्हणजे मोकळा रस्ता नव्हे. पूर्ण थांबावं, चारी बाजू पाहाव्यात, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं, मग एकेकाने निघावं. मी अशा चौकात समोरच्याच्या डोळ्यांत पाहतो आणि हाताने खूण करतो, "तुम्ही जा." बहुतेक वेळा तोही मलाच जायला सांगतो. मग आम्ही दोघेही जागच्या जागी हसत उभे राहतो, आणि मागचा हॉर्न वाजवतो.