कब्रस्तानात पुरलेली बोटे

चिंचवडच्या एका कारखान्याच्या फाटकाबाहेर, चहाच्या टपरीवर तो कामगार मला एकदाच भेटला. माझ्या बातमीत नाव नको, म्हणाला. उजव्या हाताची दोन बोटे पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनखाली तुटली होती, तरी बशी त्याच हातात धरली होती. काम भराभर उरकावे म्हणून सुपरवायझरने प्रेसची संरक्षक जाळी स्वतः काढली होती. चौकशीत चूक कामगाराची ठरली.

तेवढ्यात सुपरवायझरच टपरीवर आला.

"काय चाचा, अजून राग हाय व्हय? तुझा निकाल आता कयामतीलाच लागायचा!"

सगळे हसले. चाचाने बशी बाकावर ठेवली. त्याचा आवाज चढला नाही.

"लागंल की. कयामतीला अल्ला निवाडा करतो, त्या दिवशी तोंडं बंद असत्यात, सायेब. हात बोलत्यात. तुटलेला अवयव आमच्यात पुरत्यात. माझी बोटं कब्रस्तानात हायेत. जाळी कुणी काढली, ते ती उठून सांगतील. आन् तुमचा हात तुमच्यासाठी खोटं बोलणार न्हाई."

सुपरवायझर अर्धा चहा टाकून आत गेला. भोंगा झाला. फाटकातून ती प्रेस दिसत होती. तिच्यावर नवा माणूस कामाला बसला. जाळी अजून भिंतीलाच टेकवलेली होती.