इनामदार बाईंचा कोरा कागद

सरकारी माणूस समोर येऊन बसला की इनामदार बाई त्याला आधी पाणी देत आणि मग एक कोरा कागद आणि पेन. "काय हवं ते लिहा. कुठल्या कलमाखाली हवं तेही लिहा. खाली नाव, हुद्दा, सही." बहुतेक जण पाणी पिऊन निघून जात.

कोलकात्यातल्या सॉल्ट लेकमधल्या आमच्या छोट्या कंपनीत शाळा-संस्थांचे ईमेल सांभाळले जात आणि त्यांचे पासवर्ड बाईंच्या ताब्यात असत. बाई मूळच्या नागपूरच्या, नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे इकडे आलेल्या. आवाज कधी चढायचा नाही, पण ओठांचा डावा कोपरा खाली गेला की समोरच्याची किंमत ठरलीच म्हणून समजा. आमचे मॅनेजर सरकारी फोन आला की खुर्चीतून उठून उभे राहत. फोनवर हे कोणाला दिसत नाही, एवढंही त्यांना कळत नसे. मीही काही वेगळा नव्हतो. ज्याने काही केलं नाही त्याला कसली भीती, असं एकदा बाईंना म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग मिसेसनी तुम्हाला लिहिलेली पत्रं उद्या डब्याबरोबर आणा. जेवताना सगळे मिळून वाचू." त्या दिवशी मी एकट्यानेच जेवलो.

एकदा बाई भाच्याच्या लग्नाला नागपूरला गेल्या आणि पासवर्ड माझ्याकडे आले. दुसऱ्याच दिवशी फोन. कुठल्याशा सरकारी खात्यातून एक गृहस्थ बोलत होते. बागबाजारच्या एका शिक्षिकेचे सगळे ईमेल त्यांना हवे होते. लेखी हुकूम पाठवा, असं मी हिंदीत म्हणायला लागलो, आणि माझं नाव ऐकून पलीकडून स्वच्छ मराठी आली. "जोशी म्हणजे आपलेच की. मी साताऱ्याचा." झालं. बाई सोडल्या तर घराबाहेर मराठी शब्दाला भुकेलेला मी पार विरघळलो. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीवर बोललो, मोदकांची पिठी या शहरात कुठे चांगली मिळते ते त्यांनी सांगितलं, आणि त्या शिक्षिकेचा तीन वर्षांचा पत्रव्यवहार मी त्यांना पाठवून दिला.

त्यात एका बड्या अधिकाऱ्याविरुद्ध पालकांनी केलेल्या तक्रारी होत्या. नावं फुटणार नाहीत, असा शब्द शिक्षिकेने दिलेला. आठवड्याच्या आत त्या प्रत्येक पालकाच्या घरी माणसं जाऊन दमदाटी करून आली. शिक्षिका ऑफिसात आल्या तेव्हा मॅनेजर केबिनचं दार लावून बसले. इनामदार बाई परतल्या होत्या, त्यांनीच सगळं ऐकून घेतलं. त्या मुलांच्या आयांना आता काय तोंड दाखवू, एवढंच शिक्षिका बंगालीत पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

त्या गेल्यावर बाईंनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. मग कोरा कागद आणि पेन.

"लिहा, जोशी. कोणाला दिलंत?"

मी पेन उचललं. नाव मी विचारलंच नव्हतं. साताऱ्याचे होते, असं पुटपुटलो.

"ते तरी कशावरून?" बाई म्हणाल्या. ओठाचा डावा कोपरा खाली गेला.

महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली. जाताना सगळ्यांचा निरोप घेतला, माझा सोडून. मला लाज वाटली, पण नोकरी सोडण्याइतकी नाही. पासवर्ड आता कायमचे माझ्याकडे आहेत. मॅनेजर सगळ्यांना सांगतात, जोशी फार समजूतदार माणूस आहे.